इंजिनाचा धडा आणि वाघिणीचा हिशेब

वाफेच्या इंजिनावरील धडा आपल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जात आहे. इयत्ता बदलते, चित्रे बदलतात, पण मांडणी बहुधा तीच असते. किटलीचे झाकण उडताना पाहणारा छोटा जेम्स वॅट, मग १८२९ सालचे स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ इंजिन, मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी आणि शेवटी ‘रेल्वेमुळे देश जवळ आला व व्यापार वाढला’ असे एक वाक्य. परीक्षेत प्रश्न येतो तोही याच क्रमाने.

या धड्याची जमेची बाजू आम्हांला मान्य आहे. उष्णतेचे कार्यात रूपांतर कसे होते हे समजावण्यासाठी वाफेच्या इंजिनाइतके सोपे उदाहरण दुसरे नाही. दट्ट्या, दांडा, चाक हे सारे डोळ्यांनी दिसते. किटलीची गोष्ट तेवढी सोडून द्यावी. वॅटने वाफेचा शोध लावला नाही. न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासून खाणीतले पाणी उपसत होते. त्यात वाया जाणारी उष्णता वाचवण्यासाठी वॅटने वेगळा संघनक बसवला, आणि ही खरी गोष्ट किटलीपेक्षा कितीतरी अधिक शिकवून जाते.

आमची तक्रार धड्याच्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. व्यापार वाढला, पण कसा? इंजिन माल वाहत नाही, ते फक्त ओढते. माल असतो मागच्या डब्यांत. वॅगन या शब्दावरून मराठीत रुळलेले ‘वाघीण’ हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी आजही ऐकू येते. या वाघिणी कोणाच्या मालकीच्या होत्या, भरलेली वाघीण दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत कशी जाई, रिकामी होऊन परत कशी येई, आणि न आल्यास काय होई, याबद्दल आमच्या पाहण्यातल्या धड्यांमध्ये एक ओळही नसते. रेल्वेवरील लोकप्रिय पुस्तकांतही इंजिनांची वर्णने पानेच्या पाने असतात आणि मालडबा कोपऱ्यात उभा असतो. परिणामी विद्यार्थी एक यंत्र शिकतो, पण ज्या व्यवस्थेमुळे ते यंत्र उपयोगी पडले ती व्यवस्था त्याला कळतच नाही. ही उणीव किती मोठी आहे हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. धरणगावचे उदाहरण पुरेसे आहे.

धरणगावची गाठ मुंबईला कशी जाई?

खानदेशातून जाणारा जीआयपी, म्हणजेच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६० च्या दशकात तयार झाला. त्याच दशकाच्या पूर्वार्धात, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि खानदेशी कापसाला एकाएकी भाव आला होता. धरणगाव मात्र त्या मुख्य मार्गावर नव्हते. ते रुळांना जोडले गेले १९०० च्या सुमारास. सुरतेकडून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे आली. या कंपनीची मालकी स्वतंत्र असली तरी तिच्या गाड्या बीबीसीआय, म्हणजेच बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे चालवत असे. जळगावहून अमळनेरपर्यंतची शाखा जीआयपीची. धरणगाव या शाखेवर, जळगाव व अमळनेर यांच्या मधोमध.

इथे पहिला प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. जिनिंगचे कारखाने मुंबईत न काढता धरणगाव, जळगाव, अमळनेर अशा गावी का निघाले? शंभर किलो कपाशीतून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई मिळते, बाकीची सरकी. कपाशी तशीच मुंबईला पाठवली तर दोन तृतीयांश वजन नाहक वाहावे लागेल. शिवाय रुई हलकी पण फुगीर. ती सैल भरली तर वाघीण वजनाने भरण्याआधी आकारानेच भरून जाते. म्हणून जिनशेजारी प्रेस आला, आणि रुई दाबून घट्ट गाठी बांधल्या जाऊ लागल्या. गाठ दाबण्यामागचा मोठा हेतू वाहतुकीतली जागा वाचवणे हा आहे. घनता हा शब्द सातवी-आठवीत शिकवताना हे उदाहरण किती जवळचे!

पुढचा प्रश्न वाघिणीच्या जातीचा. कोळसा उघड्या वाघिणीत चालतो. कापसाला बंद वाघीण लागते, कारण पावसापेक्षाही मोठा धोका इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचा. म्हणजे पूर्वेकडून कोळसा घेऊन आलेल्या उघड्या वाघिणी खानदेशात रिकाम्या झाल्या, तरी कापसाच्या फारशा कामाच्या नाहीत. कापसाच्या हंगामात बंद वाघिणी बाहेरूनच आणाव्या लागणार, आणि पुष्कळदा रिकाम्या आणाव्या लागणार. रिकामी वाघीण ओढायलाही कोळसा आणि पाणी लागतेच. ‘व्यापार वाढला’ या वाक्यात रिकाम्या वाघिणीचा हा प्रवास कुठे दिसत नाही.

गाठी भरल्यावर दोन वाटा होत्या. एक जळगाव, मनमाड, इगतपुरीवरून. ही सुमारे ४५० किलोमीटरची, पण थळ घाटातून उतरणारी. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर उंची. दुसरी अमळनेर, सुरतेवरून. ही सुमारे ५३० किलोमीटरची, पण सह्याद्रीचा घाट टाळून जाणारी. १९१५ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची रेल्वे सुरू झाल्यावर दोन्ही वाटांनी आलेल्या वाघिणी गोदीपर्यंत जाऊ शकत. पहिल्या वाटेने गेलेली वाघीण मुंबईपर्यंत जीआयपीच्याच रुळांवर राही. दुसऱ्या वाटेने जाताना मात्र ती अमळनेरला दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात जाई. एकाच स्थानकातून निघालेल्या एकाच मालाचे हे दोन प्रवास रेल्वेच्या हिशेबात अगदी वेगळे होते.

परक्या रुळांवरची वाघीण

समजा, जीआयपीची वाघीण अमळनेरला बीबीसीआयच्या ताब्यात गेली. आता ती कोणाची? मालकी जीआयपीची, उपयोग दुसऱ्याचा. वाटेत आस तापून बिघडली तर दुरुस्ती कोणी करायची? तिकडे रिकामी झाल्यावर तिच्यात नवा माल भरून भलतीकडेच पाठवली तर? हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे जोडस्थानकावर सारा माल उतरवून आपल्या वाघिणीत भरून घ्यायचा. पण त्यात हमाली, वेळ, चोरी आणि नासधूस. दुसरा मार्ग म्हणजे परक्याची वाघीण आपल्या रुळांवर येऊ द्यायची आणि तिचा हिशेब ठेवायचा.

हा प्रश्न आपल्याकडे निर्माण होण्याआधीच इंग्लंडमध्ये पुढे आला होता. तेथे १८४२ मध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ ही संस्था निघाली. जोडस्थानकांवर तिचे कारकून उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक डब्याचा क्रमांक टिपून घेत, आणि त्यावरून कोणी कोणाला किती द्यायचे हे ठरे. अमेरिकेत परक्या डब्याचे भाडे आधी मैलांवर घेत. डबा उभा राहिला तर भाडे शून्य, मग तो परत करण्याची घाई कोण करणार? १९०२ मध्ये तेथे दिवसावर भाडे घेण्याची पद्धत आली, डब्यामागे दिवसाला २० सेंट. मोजण्याचे एकक बदलले आणि उभ्या डब्याला किंमत आली. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे. काय मोजायचे हे ठरवणे म्हणजे निम्मे विज्ञान.

भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन’ ही रेल्वे कंपन्यांची संघटना उभी राहिली. वाघिणींची देवाणघेवाण, तपासणी आणि भाडे यांचे नियम तिच्यामार्फत ठरू लागले. पुढे ब्रॉडगेज वाघिणींचा सामाईक साठा झाला. वाघिणीवर नाव एका रेल्वेचे असले तरी ती कोणीही भरावी, अट एवढीच की प्रत्येक रेल्वेजवळ असलेल्या वाघिणींची संख्या तिच्या वाट्याइतकी राहावी, जादा ठेवल्यास भरपाई द्यावी. म्हणजे ‘माझीच वाघीण परत दे’ याऐवजी ‘एक वाघीण परत दे’ असा व्यवहार झाला. शेजारणीने वाटीभर साखर नेली तर तेच दाणे परत मागायचे नसतात, तसेच हे. जोडस्थानकावर नंबर टेकर वाघिणींचे क्रमांक टिपत फिरे, आणि तटस्थ परीक्षक आस, बफर, जोडणी तपासून वाघीण स्वीकारण्याजोगी आहे की नाही ते ठरवी.

यासाठी आधी सर्व कंपन्यांच्या वाघिणी एकमेकींना जोडता येणे आवश्यक होते. बफरची उंची, जोडणीचा आकार, ब्रेकची नळी, चाकांमधले अंतर हे सारे एकसारखे हवे. स्पर्धक कंपन्यांनी मापांवर एकमत करणे ही इंजिनाच्या शोधाइतकीच मोठी गोष्ट आहे असे आमचे मत आहे. जिथे एकमत झाले नाही तिथे काय झाले, हेही खानदेशातच पाहायला मिळते. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी मापाची लहान गाडी १९१९ पासून धावत होती, ती २०२० मध्ये बंद झाली. तिची वाघीण पाचोऱ्याच्या पुढे जाऊ शकत नसे. मुख्य मार्गावरून पुढे जायचा प्रत्येक नग एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. मनमाडला मीटरगेज आणि ब्रॉडगेज यांच्यामध्ये हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चाले. मापातला हा फरक तेथील हमालांच्या पाठीने भरून काढला. धड्यात ‘रुळांच्या मापांचे प्रकार’ म्हणून तीन आकडे पाठ करायला देतात. त्या आकड्यांचा हा अर्थ मात्र सांगितला जात नाही.

एक साधे समीकरण

आता ज्यासाठी हा विषय विज्ञानाच्या मासिकात यावा, त्या गणिताकडे वळू. समजा, कापसाच्या हंगामात एका टापूत रोज १० वाघिणी भराव्या लागतात. एकदा भरल्यापासून पुन्हा भरण्यासाठी हाती येईपर्यंत वाघिणीला ११ दिवस लागतात. मग किती वाघिणी हव्यात? १० गुणिले ११, म्हणजे ११०. मुंबईला माल उतरवायला दोन दिवस जास्त लागले तर फेरी १३ दिवसांची होते आणि १३० वाघिणी लागतात. कापूस तेवढाच, गाड्या तेवढ्याच, पण वीस वाघिणींचा तुटवडा निर्माण झाला. कोणी चोरल्या नाहीत की मोडल्या नाहीत. केवळ उशिराने त्या ‘नाहीशा’ केल्या.

शाळेच्या ग्रंथालयात हेच घडते. रोज २० पुस्तके दिली जातात आणि प्रत्येक पुस्तक सरासरी ७ दिवस बाहेर राहते, तर कोणत्याही दिवशी १४० पुस्तके बाहेर असणार. बाहेरची संख्या म्हणजे रोजचा ओघ गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये या संबंधाची काटेकोर सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. आज टपाल, दवाखान्यातली रांग, संगणकाचे जाळे या सर्वांना तो लावतात. जोडस्थानकावर क्रमांक टिपणारा नंबर टेकर हा नियम नावाने जाणत नव्हता, पण त्याचे काम या नियमातलेच होते.

हा नियम विसरल्यास काय होते याचे ठळक उदाहरण १९१७ सालचे आहे. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांकडे माल भरभरून धाडण्यात आला. प्रत्येक खात्याने आपला डबा ‘तातडीचा’ ठरवला. बंदरात उतरवायला जागा नाही, जहाजे नाहीत, त्यामुळे डबेच गोदामे बनले. किनाऱ्याजवळ भरलेल्या डब्यांची कोंडी, तर आतल्या भागात रिकाम्या डब्यांचा दुष्काळ. अखेर त्या वर्षाच्या डिसेंबरात तेथील सरकारने रेल्वे आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या. इंजिने कमी पडली हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते. डबे परत फिरेनासे झाले होते.

आणि आपल्याकडे? स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ मध्ये ब्रॉडगेजवरील वाघिणीची सरासरी फेरी ११ दिवसांची होती. धरणगाव-मुंबई ४५० किलोमीटर. मालगाडीचा सरासरी वेग ताशी १७ किलोमीटर धरला तर एका बाजूला सुमारे २६ तास, जाऊन-येऊन सव्वादोन दिवस. उरलेले पावणेनऊ दिवस वाघीण काय करत होती? उभी होती. भरण्यासाठी, भुसावळसारख्या मोठ्या यार्डात गाडीची जुळणी होण्यासाठी, एकेरी मार्गावर समोरची गाडी जाण्यासाठी, इंजिनाने पाणी घेण्यासाठी, आणि माल उतरवणाऱ्याच्या सवडीसाठी. वाफेच्या युगाचे गोडवे गाणाऱ्या लेखनावर आमचा दुसरा आक्षेप इथे आहे. धूर, शिटी आणि वेग यांच्या वर्णनात हा थांबा गळून जातो. मालवाहतुकीतला वेळ मुख्यतः थांब्यात खर्च होत होता. इंजिनाचा वेग दुप्पट केला असता तरी ११ दिवसांतला एक दिवस आणि वर एखाद-दोन तास एवढेच वाचले असते.

थांब्याचा भार कोणावर?

या आकड्यांच्या मागे माणसे होती. वाघिणीसाठी स्थानकावर मागणी नोंदवायची आणि पाळीची वाट पाहायची. वाघीण मिळेपर्यंत गाठी पडून राहणार, व्यापाऱ्याचे भांडवल अडकणार, आणि ज्याचे भांडवल अडकले तो कपाशीचा भाव पाडून मागणार. शेवटी थांब्याचा भार शेतकऱ्यापर्यंत उतरतो. रावेर-सावद्याच्या केळीचे तर आणखी कठीण. कापूस थांबू शकतो, केळी पिकत राहतात. म्हणूनच दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या वाघिणी या भागात इतक्या महत्त्वाच्या होत्या.

पुढची कथाही सरळ प्रगतीची नाही. वाघिणीची फेरी १९८०-८१ मध्ये १५.२ दिवसांपर्यंत लांबली होती. त्यानंतर रेल्वेने सुट्या वाघिणी जोडत-तोडत नेण्याऐवजी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारी पूर्ण गाडी, म्हणजे ब्लॉक रेक, भरण्यावर भर दिला. फेरी १९९०-९१ मध्ये ११.५, २०००-०१ मध्ये ७.५ आणि २०१०-११ मध्ये सुमारे ५ दिवसांवर आली. ब्रॉडगेजवरील नियमित वाफेच्या गाड्या १९९५ मध्ये संपल्या. डिझेल आणि वीज यांचा या सुधारणेत वाटा आहेच, पण मोठा वाटा यार्डातला थांबा टाळल्याचा आहे.

मात्र याची किंमतही सांगितली पाहिजे. पूर्ण गाडीभर माल एकदम कोण देऊ शकतो? कोळशाची खाण, सिमेंटचा कारखाना, धान्य महामंडळ. दोन-चार वाघिणी गाठी पाठवणारा लहान गावचा व्यापारी यात बसत नाही. तो ट्रककडे वळला. उधना-जळगाव मार्ग आता दुपदरी व विद्युत झाला आहे. २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. या मार्गावरील धरणगाव, अमळनेर आता पश्चिम रेल्वेवर, तर जळगाव जंक्शन मध्य रेल्वेवर आहे. धरणगावातून मालगाड्या पूर्वीपेक्षा जलद धावतात, परंतु एकेका वाघिणीचा तो व्यवहार उरलेला नाही. सरासरी सुधारली, पण सरासरीतून कोण वगळले गेले हा प्रश्न विचारायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे. आकडे वाचण्याचे शिक्षण ते हेच.

मग धडा कसा असावा?

नुसती टीका करून थांबणे योग्य नाही. इंजिनाचा धडा काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याला एक पान जोडावे, आणि ते पान आपल्या जवळच्या स्थानकाचे असावे. कोणता माल इथून गेला, कोणत्या वाटेने, कोठे मालक बदलला, रिकामे डबे कोठून आले, हे गावातल्या जुन्या जिनमधल्या, हमालीतल्या, रेल्वेतल्या माणसांना विचारून विद्यार्थ्यांनीच लिहावे.

एक उपक्रम मात्र लगेच करता येईल. फलाटावर सुरक्षित अंतरावर थांबून उभ्या मालगाडीच्या डब्यावरचा अकरा आकडी क्रमांक टिपून घ्यावा. पहिले दोन अंक डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार डब्याचा क्रमांक, आणि अकरावा अंक पडताळणीचा. समजा, पहिले दहा अंक ३१०५१२४७६८ आहेत. सम स्थानांवरचे अंक १, ५, २, ७, ८. बेरीज २३, तिची तिप्पट ६९. विषम स्थानांवरचे ३, ०, १, ४, ६, बेरीज १४. एकूण ८३. पुढची दहाची पट ९०, फरक ७. म्हणून अकरावा अंक ७ हवा. कोणताही एक अंक चुकला तर हा ताळा जुळत नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा चूक उघडी पडते. फक्त त्या दोन अंकांत पाचाचा फरक असला तर ती निसटते. असे का, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शोधावे.

कंदिलाच्या उजेडात, पावसात, क्रमांक टिपणाऱ्या नंबर टेकरला असा ताळा उपलब्ध नव्हता. त्याने एक अंक चुकवला की वाघीण कागदावरून नाहीशी होई, आणि तिच्यासाठी थांबलेल्या गाठी धरणगावातच राहत. वाफेचे युग शिकवताना इंजिनाच्या चित्राशेजारी या माणसाच्या वहीचे एक चित्र असावे, एवढीच आमची मागणी आहे.